ट्रेडमार्कच्या नावाने पैसे मागणारे ईमेल पुन्हा पुन्हा येतात: खरा कोणता, खोटा कोणता, आणि पैसे भरून झाले असतील तर काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, फी भरली, पावती आली. काही आठवडे शांततेत गेले आणि मग एक ईमेल येतो: आपल्या ट्रेडमार्कचं शुल्क थकलं आहे, सात दिवसांत भरा, अन्यथा अर्ज रद्द होईल. सोबत पीडीएफ. त्यात तुमचं नाव, पत्ता, अर्ज क्रमांक, वर्ग (म्हणजे कुठल्या प्रकारच्या माल-सेवेसाठी अर्ज आहे ते), चिन्हाचं चित्र, सगळं बिनचूक. तो बाजूला ठेवला तर महिन्याभरात दुसरा येतो, वेगळ्याच नावाने. नोंदणी झाली की आणखी दोन. नूतनीकरणाची वेळ आली की पुन्हा रांग लागते. पाठवणाऱ्याला ब्लॉक केलं, स्पॅममध्ये टाकलं, तरी फरक पडत नाही.

छोट्या व्यावसायिकांचे ट्रेडमार्क अर्ज भरण्याचं काम मी करते, आणि ‘हा ईमेल खरा आहे का’ हा प्रश्न मला इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: ईमेल कितीही बारकाईने वाचला तरी त्यावरून निकाल लागणार नाही, आधी रजिस्टर, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवरची नोंदवही, उघडा. लोक तासभर ईमेलमधल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसतात. आता खोटे ईमेलही उत्तम भाषेत लिहिलेले असतात, आणि कार्यालयाची खरी पत्रं वाचायला पुष्कळदा किचकट असतात. भाषेवरून अंदाज बांधण्याचे दिवस गेले.

हे येतातच का

ट्रेडमार्कचं रजिस्टर कायद्यानेच सर्वांसाठी खुलं असतं. तुमच्या चिन्हाला कुणाची हरकत असेल तर त्याला ती घेता यावी, म्हणून अर्ज कार्यालयाच्या जर्नलमध्ये, म्हणजे अधिकृत नियतकालिकात, प्रसिद्ध करावा लागतो. अर्जदाराचं नाव, पत्ता, वर्ग, अर्जाची तारीख हे सगळं कुणालाही दिसतं. माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने, अनेक देशांत नोंदणी केली असेल तर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, साप्ताहिक गॅझेटमध्येही ती येते. फसवणारे ही माहिती गोळा करतात आणि एकाच मजकुरात नावं बदलून शेकडो जणांना पाठवतात.

त्यामुळे ‘त्यांच्याकडे माझा अर्ज क्रमांकसुद्धा आहे’ हा पुरावा धरू नका. तो क्रमांक जगात कुणालाही मिळतो. अमेरिकेच्या कार्यालयाने मालकाचा ईमेल पत्ता सार्वजनिक नोंदीत झाकून ठेवायला सुरुवात केली आहे, पण तुमच्या वेबसाइटवर तोच पत्ता संपर्कासाठी दिलेला असेल तर झाकून काय साधणार? ब्लॉक करण्याचंही तेच. पुढचा ईमेल नव्या डोमेनवरून येतो.

आधी करायची तपासणी

ईमेलमधली लिंक दाबू नका, त्यातला फोन नंबर फिरवू नका, उत्तर देऊ नका. ब्राउझर उघडा, ज्या देशात अर्ज केला आहे तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाचा पत्ता स्वतः टाइप करा किंवा अर्ज करताना जपून ठेवलेल्या बुकमार्कवरून जा. सर्च इंजिनवर नाव टाकून पहिल्या निकालावर क्लिक करणंही टाळा, कारण तिथे सर्वांत वर जाहिराती असतात आणि त्यात कार्यालयासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट असू शकतात.

अर्ज क्रमांक टाकला की तीन गोष्टी पाहायच्या: अर्जाची सध्याची स्थिती, पुढची मुदत, आणि नोंदीत एजंट किंवा वकील म्हणून कुणाचं नाव आहे. ईमेलमध्ये मागितलेल्या पैशाचा या नोंदीत मागमूस नसेल, तर ते पैसे तुम्ही कार्यालयाला देणं लागत नाही. एजंटचं नाव नोंदवलेलं असेल, तर कार्यालयाचा पत्रव्यवहार एरवी त्याच्याकडे जातो. मग एजंटला काहीच माहीत नाही आणि मागणी मात्र थेट तुमच्याकडे आली आहे, हाच मोठा इशारा समजा. एजंटला फोन करा, पण तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

तारखांचं थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक इथेच फळते. ट्रेडमार्कची नोंदणी बहुतेक देशांत १० वर्षांसाठी असते आणि पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ही १० वर्षं कुठून मोजायची, इथे गोंधळ होतो. भारत, ब्रिटन आणि युरोपीय महासंघ इथे ती अर्जाच्या तारखेपासून धरतात. अमेरिकेत नोंदणीच्या तारखेपासून धरतात, आणि शिवाय पाचव्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान चिन्ह वापरात असल्याचं एक घोषणापत्र द्यावं लागतं. ज्यांना हे ठाऊक नसतं ते प्रमाणपत्रावरची कुठलीशी तारीख पाहून गणित करतात, मनात शंका राहते, आणि त्या शंकेत ‘मुदत संपत आली आहे’ असा ईमेल बरोबर बसतो. अशा नोटिसा पुष्कळदा मुदतीच्या खूप आधी, कधी वर्ष-दोन वर्षं आधी येतात. खरं काम अजून सुरूच होऊ शकत नसतं, आणि पैसे मात्र घेतले जातात. अमेरिकेत २०२१ मध्ये लॅटव्हियाच्या एका नागरिकाला अशा नूतनीकरणाच्या नोटिसांबद्दल चार वर्षांहून अधिक कैद झाली. त्याच्या कंपन्यांची नावं सरकारी कार्यालयाच्या नावासारखीच होती, आणि त्याला पैसे भरणाऱ्यांची संख्या हजारांत होती.

‘आज भरलं नाही तर उद्या हक्क संपला’ या धमकीवरही एक साधा तोडगा आहे. औद्योगिक संपदेच्या रक्षणासाठी १८८३ मध्ये पॅरिसला जो करार झाला, त्यानुसार हक्क चालू ठेवण्याचं शुल्क भरायला मुदतीनंतर किमान सहा महिन्यांची सवलत द्यावी लागते; देश त्यावर जादा शुल्क लावू शकतो, इतकंच. जगातले बहुतेक देश या करारात आहेत. म्हणून नूतनीकरणाच्या मागणीवर एक रात्र थांबल्याने तुमचा ट्रेडमार्क जात नाही. घाई ईमेल पाठवणाऱ्याला असते.

‘दुसरी एक कंपनी तुमचं नाव नोंदवते आहे’

हा प्रकार सर्वांत जास्त त्रास देतो, आणि माझ्या ओळखीतले शहाणे, सावध लोकही यातच अडकले आहेत. ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही अशा व्यवसायांनाही हा ईमेल येतो. मजकूर असा: आमच्याकडे एक ग्राहक तुमच्याच नावासाठी अर्ज करायला आला आहे. तुम्ही हे नाव आधीपासून वापरता हे आमच्या लक्षात आलं, म्हणून पहिली संधी तुम्हाला देतो. २४ तासांत कळवा, नाहीतर त्यांचा अर्ज दाखल करावा लागेल आणि मग तुम्हाला नाव बदलावं लागेल. खाली कुठल्याशा वकिली संस्थेचं नाव.

वर्षानुवर्षं घाम गाळून उभं केलेलं नाव जाणार, ही भीती कुणाचंही डोकं बधिर करते. मी त्या माणसांना दोष देत नाही. पण मजकूर सावकाश वाचा. जो वकील एका अशिलाचं काम घेतो, तो त्याच अशिलाच्या विरुद्ध जाणाऱ्या माणसाला आतली बातमी देऊन त्याच्याकडून फी कशी मागेल? कुठल्याही देशातल्या वकिली आचारसंहितेत हे बसत नाही. म्हणजे एक तर तो ग्राहक नाही, किंवा तो वकील नाही. माझ्या अनुभवात दोन्ही नसतात.

शिवाय ट्रेडमार्क कार्यालय कुणाचा अर्ज येण्याआधी दुसऱ्याला कळवून त्याच्यासाठी जागा धरून ठेवत नाही. अर्ज खरंच झाला तरी तो प्रसिद्ध होतो आणि हरकतीसाठी मुदत मिळते. भारत, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत प्रत्यक्ष वापरातूनही हक्क निर्माण होतो, तेव्हा तुमची जुनी बिलं, जाहिराती, वेबसाइटच्या जुन्या तारखा या हरकतीत कामाला येतात. चीनसारख्या देशांत आधी अर्ज करणाऱ्याला झुकतं माप मिळतं, म्हणून तिथे व्यवसाय करायचा असेल तर अर्ज लवकर करावा हे खरं. पण तो अर्ज स्वतः निवडलेल्या एजंटकडून करायचा, धमकी देणाऱ्याकडून नाही. आणि तुम्ही आपल्या देशात अर्ज नुकताच केला असेल, तर त्याच पॅरिस करारामुळे सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज करताना पहिल्या अर्जाची तारीख मागता येते. मधल्या काळात तिथे दुसऱ्या कुणी धाव घेतली तरी तारखेत तुम्ही पुढे राहता.

याच कुळातला डोमेनचा ईमेल असतो: परदेशातली एक कंपनी तुमच्या ब्रँडच्या नावाने तिकडचे डोमेन घेते आहे, तुमची संमती आहे का? तुम्ही घाबरून ‘नाही’ लिहिलं की ते सगळे डोमेन तुम्हालाच विकायला काढले जातात. ज्या देशात तुमचा व्यवसाय नाही आणि होणारही नाही, तिथला डोमेन घेण्याची गरज नसते. उत्तर न देणं हाच उपाय.

खासगी ‘रजिस्टर’ आणि स्वस्तात अर्ज

काही ईमेलमध्ये खोटं असं काही सापडत नाही, तरी पैसे वाया जातात. आंतरराष्ट्रीय वाटेल असं भारदस्त नाव, शिक्क्यासारखं बोधचिन्ह, आणि तुमचं चिन्ह कुठल्याशा ‘रजिस्टर’मध्ये प्रसिद्ध करण्याचं बिल. तळाशी अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे बिल नसून प्रस्ताव आहे, आणि सरकारी नोंदणीशी याचा संबंध नाही. अशा यादीत नाव आल्याने कायद्याने काहीही मिळत नाही. म्हणून पीडीएफ आला की मोठं करून आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा. नावांवर विसंबू नका. युरोपीय महासंघाच्या ट्रेडमार्क कार्यालयाशी नातं असल्यासारखी नावं घेऊन बिलं पाठवणाऱ्या टोळीला स्वीडनमधल्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये दोषी ठरवलं. ती बिलं पाहिली तर क्षणभर कुणीही फसेल.

स्वस्तात अर्ज भरून देणाऱ्यांचा धोका वेगळा. काही जण सरकारी फीच्या पावतीवरचे आकडे बदलून ग्राहकाला दाखवतात, काही अर्ज दाखलच करत नाहीत. पावती मिळाली की त्याच दिवशी तो क्रमांक कार्यालयाच्या साइटवर शोधा. सापडत नसेल किंवा मालक म्हणून दुसऱ्याचंच नाव असेल तर वाट पाहू नका.

ईमेल खरा असेल तर?

इथे थांबून वाचा, कारण खोट्यांच्या भीतीने सगळंच डिलीट करणाऱ्यांचं नुकसान मी पाहिलं आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तीन बनावट बिलं आल्यावर ‘ट्रेडमार्क’ शब्द असलेला प्रत्येक ईमेल आपोआप कचऱ्यात जाईल अशी सोय केली. त्यातच परीक्षण अहवाल, म्हणजे अर्ज तपासून कार्यालयाने हरकती कळवल्याचं पत्र, गेला. उत्तर गेलं नाही, अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं, आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

खऱ्या पत्रांना मुदती असतात, आणि त्या छोट्या असतात. भारतात परीक्षण अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ पासून बहुतेक पत्रांना तीन महिने मिळतात. तुमच्या चिन्हासारखा नवा अर्ज आल्याची सूचनाही कधी खरी असते. ब्रिटन आणि युरोपीय महासंघाची कार्यालयं आधीच्या मालकांना तशी पत्रं पाठवतात. पण त्या पत्रात माहिती असते, २४ तासांत पैसे भरायची मागणी नसते. म्हणून फिल्टरने काहीही डिलीट करू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या आणि आठवड्यातून एकदा ते फोल्डर रजिस्टरशी ताडून पाहा. रजिस्टरमध्ये पत्राची नोंद दिसली तर ते खरं.

पाठवणाऱ्याचा पत्ता तपासायचा असेल तर दिसणाऱ्या नावावर जाऊ नका, पूर्ण पत्ता उघडून पाहा. महत्त्वाचा भाग ॲट चिन्हानंतरचा, आणि त्यातही शेवटचा. अमेरिकी कार्यालयाचे ईमेल ‘यूएसपीटीओ डॉट जीओव्ही’वर संपतात, त्याच्यानंतर किंवा मध्ये काही जोडलेलं असेल, किंवा शेवटी डॉट कॉम असेल, तर ते कार्यालय नव्हे. उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार तेही पाहा, तो वेगळा असू शकतो. पण पत्ता बरोबर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट दाखवता येतो. फोनवर दिसणाऱ्या नंबरचंही तसंच. बँक खातं खासगी कंपनीच्या किंवा व्यक्तीच्या नावावर, तेही भलत्याच देशातलं, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो: यातलं काही दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

पैसे भरून झाले असतील

लाज वाटते म्हणून लोक दोन-दोन दिवस बोलत नाहीत, आणि तेच दोन दिवस सर्वांत मोलाचे असतात. लगेच बँकेला फोन करा. खात्यातून गेले असतील तर व्यवहार परत मागवण्याची विनंती नोंदवा, कार्डाने भरले असतील तर चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा आणि कार्ड बंद करून नवं घ्या. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग सायबर पोलिसांकडे. मूळ ईमेल डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये तो कुठून आला याचा तपशील येत नाही, म्हणून ईमेल फाइल म्हणून सेव्ह करा.

यानंतर पुष्कळ जण थांबतात, आणि इथे दुसरा फटका बसतो. तुम्ही खोट्या बिलावर पैसे भरले म्हणजे खरं नूतनीकरण अजून झालेलंच नाही. मनात मात्र ‘ते काम झालं’ अशी नोंद असते. रजिस्टर उघडा, खरी मुदत पाहा, ती जवळ असेल तर खरी फी आजच भरा.

लिंकवर पासवर्ड टाकला असेल तर कार्यालयाच्या खात्याचा आणि ईमेलचा, दोन्ही पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग नोंदीतला संपर्काचा ईमेल तुमचाच आहे ना ते पाहा. अमेरिकी नोंदींमध्ये मालकाला न कळत संपर्काचा पत्ता बदलल्याचे प्रकार घडले आहेत. त्या बदललेल्या पत्त्याच्या आधारे ऑनलाइन बाजारपेठांच्या ब्रँड नोंदणीत शिरकाव करण्याचा बेत असायचा. कुठल्या कागदावर सही करून पाठवली असेल तर ती अधिकारपत्राची नव्हती ना हे वकिलाकडून तपासून घ्या. आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येईल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्याला एक पैसाही देऊ नका.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

ईमेल येणं थांबवता येत नाही, हे मान्य करून पुढे जायचं. थांबवायचं असतं ते पैसे जाणं. त्यासाठी मी सगळ्यांना एकच कागद करायला सांगते: चिन्हाचं नाव, देश, अर्ज क्रमांक, अर्जाची आणि नोंदणीची तारीख, पुढची मुदत, एजंटचं नाव आणि फोन, कार्यालयाच्या साइटचा खरा पत्ता. हा कागद पैसे भरणाऱ्या माणसाच्या समोर लावलेला हवा, कारण छोट्या व्यवसायात फसतो तो बहुधा मालक नसतो. हिशेब पाहणाऱ्याकडे बिल जातं, रक्कम फार मोठी नसते, नाव सरकारी वाटतं, आणि इतर वीस बिलांबरोबर तेही चुकतं होतं. त्याला स्पष्ट सांगून ठेवा: ट्रेडमार्क, पेटंट, डोमेन यांचं कुठलंही बिल या कागदाशी जुळल्याशिवाय आणि मालकाला किंवा एजंटला विचारल्याशिवाय भरायचं नाही, मग त्यावर ‘अंतिम सूचना’ असं लाल अक्षरांत का लिहिलेलं असेना. आणि विचारायला आलेल्या माणसावर कधी चिडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो विचारणार नाही.

दुसरी सोय म्हणजे अर्जासाठी वेगळा ईमेल पत्ता. तो वेबसाइटवर, कार्डावर, कुठेच द्यायचा नाही. मग ट्रेडमार्कची मागणी तुमच्या नेहमीच्या सार्वजनिक पत्त्यावर आली, की ती कार्यालयाकडून आलेली नाही हे न उघडताच कळतं. एजंट बदलला तर कार्यालयाच्या नोंदीतही बदल करून घ्या; जुन्या एजंटच्या पत्त्यावर खरी पत्रं जात राहतात आणि तुमच्यापर्यंत फक्त खोटी पोचतात.

आलेले नमुने कार्यालयाला पाठवा. वायपो, अमेरिकेचं आणि युरोपीय महासंघाचं कार्यालय अशा बनावट मागण्यांचे इशारे आपल्या साइटवर देतात, नमुन्यांसकट. नवा ईमेल आला की पाठवणाऱ्याचं नाव तिथे शोधून पाहा. सापडलं नाही तरी रजिस्टर उघडाच, कारण ही नावं सतत बदलत असतात.